आकडा सांगायला मनाई आहे

माझी आत्या पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाड्या लावू नयेत' अशा. तिचं अक्षर इतकं ठसठशीत की रस्त्यापलीकडूनही चष्म्याशिवाय वाचता यावं. बोलणंही तसंच. तिनं लग्न केलं नाही. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणायची, "मला रंगाचा वास चालतो, घोरणं चालत नाही."

घोरणारं माणूस तरीही तिच्या नशिबी आलंच. आजोबा तिच्याकडे राहायचे. त्यांचं सगळं आयुष्य काचेच्या कारखान्यात भट्टीपाशी गेलं होतं आणि निवृत्त झाल्यावर छातीनं त्यांच्याकडून त्याची वसुली सुरू केली होती. जिना चढले तरी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, "रोज चालायला जा. पण हवा बरी असेल तेव्हाच."

"आता हवा बरी आहे हे मी कसं ओळखायचं? चाखून?" आजोबा म्हणाले.

डॉक्टर हसले. अग्निशमन केंद्राच्या छतावर हवा मोजायचं यंत्र आहे, त्याचा आकडा दर तासाला नगरपालिकेच्या वेबसाइटवर येतो, कुणालाही बघता येतो, असं त्यांनी सांगितलं. आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट. शंभराच्या आत असला तर खुशाल बाहेर पडा.

गंमत म्हणजे तो आकडा वेबसाइटवर चढवण्याचं काम माझ्या आईचं होतं. ती नगरपालिकेच्या पर्यावरण विभागात कारकून. घरात कधी त्याचा विषयच निघाला नव्हता, कारण त्यात विषय काढण्यासारखं काही आहे असं तिलाही वाटत नव्हतं.

आत्या रोज सकाळी फोनवर आकडा बघायची आणि आजोबांना ओरडून सांगायची. आजोबांना एका कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे तो आख्ख्या गल्लीला कळायचा. मग खालून कुणीतरी विचारायचं, "किती म्हणालात?" रोज तेच. शेवटी वैतागून तिनं घराखालच्या आपल्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर एक चौकोन काळा केला, वर पांढऱ्या रंगात 'आजची हवा' असं लिहिलं आणि खाली खडूनं आकडा टाकायला लागली. नुसत्या आकड्यावर तिचं भागेना. मग त्याच्याखाली एक ओळ. 'आज झकास. आळशी माणसांना सबब नाही.' किंवा, 'खिडक्या लावा. भांडणं घरातल्या घरात करा.'

लोक आधी ती ओळ वाचायला थांबायचे. मग आकडा वाचायला लागले. लॉन्ड्रीवाले काका गच्चीवर चादरी घालायच्या का नाही ते फळा बघून ठरवायचे. मी ज्या पाळणाघरात काम करते तिथल्या मोठ्या बाई सकाळी येताना मुद्दाम त्या रस्त्यानं यायच्या आणि आल्या आल्या सांगायच्या, "आज सोडा मुलांना मैदानात," नाहीतर, "आज आतच खेळ घ्या." आमच्याकडे दोन मुलं दम्याची होती. त्यांच्या आया तर फळ्याचा फोटो काढून एकमेकींना पाठवायच्या.

आईला हे कळलं तेव्हा कोण कोण फळा बघतं ते तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी आकडे चढवतेय. खोल विहिरीत खडे टाकावेत तसे. आवाज आज पहिल्यांदा आला."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला जाताना मुद्दाम फळ्यावरून गेली, आणि त्यानंतर रोजच.

रोज आकडे बघणाऱ्या माणसांना ते नुसते दिसत नाहीत, त्यांत काहीतरी दिसायला लागतं. लॉन्ड्रीवाले काका एकदा म्हणाले, "बाई, वारा कालव्याकडून असला आणि दुपार झाली की तुमचा आकडा उडी मारतो. माझ्या चादरींनाही तेव्हाच वास लागतो." कालव्यापलीकडे नगरपालिकेची कचराभट्टी होती. दुपारी गाड्या तिथे रिकाम्या व्हायच्या. मोठ्या बाईंनी चारचौघांना गोळा केलं आणि पर्यावरण विभागाच्या साहेबांना जाऊन विचारलं, की भट्टीचा आणि या आकड्यांचा काही संबंध आहे का? भांडण नव्हतं, मोर्चा नव्हता. साधा प्रश्न होता.

साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, "बघतो" म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात वेबसाइटवरचं ते पानच बंद झालं. 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहून आलं. मग परिपत्रक निघालं. हवेचे आकडे यापुढे फक्त नोंदणीकृत अभ्यासकांना मिळतील. नागरिकांना महिन्याच्या शेवटी सरासरी कळवण्यात येईल.

आत्यानं परिपत्रक दोनदा वाचलं, ब्रश पाण्यात ठेवला आणि हात पुसत म्हणाली, "चल गं."

मला सुट्टी होती म्हणून मी गेले. खरं तर मला तिच्याबरोबर जायची भीतीच वाटत होती, कारण साहेबांच्या केबिनबाहेर पहिल्याच टेबलाशी आई बसते. आईनं आम्हाला बघितलं, ओळख न दिल्यासारखं केलं आणि रजिस्टर पुढे सरकवून म्हणाली, "काम काय ते लिहा."

आत्यानं लिहिलं, 'हवा.'

साहेब वाईट माणूस नव्हते. मऊ बोलायचे, समोरच्याला बसायला सांगायचे. म्हणाले, "बाई, तुमची तळमळ कळते मला. पण आकडे वाचायलाही एक अभ्यास लागतो. लोक घाबरतात, भलते अर्थ काढतात. उगाच शहराचं नाव खराब होतं."

"लोक अर्थ काढतात म्हणूनच तर आकडे द्यायचे ना, साहेब? नाहीतर तुम्ही मोजताय कशाला?"

"आम्ही बंद कुठे केलंय? सरासरी देतोय की."

"आमचे वडील सरासरी श्वास घेत नाहीत," आत्या म्हणाली. "ते आत्ताचा घेतात. महिन्याच्या शेवटी तुम्ही मला कळवणार की अमुक दिवशी त्यांना बाहेर न्यायला नको होतं. त्याचं मी काय करू? फ्रेम करून लावू?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तो डेटा नगरपालिकेच्या मालकीचा आहे."

"आणि नगरपालिका कुणाच्या मालकीची आहे?"

यावर त्यांनी समोरची फाइल मिटली. घड्याळाकडे बघितलं. आम्ही उठलो, तेव्हा मागून म्हणाले, "आणि हो, त्या भिंतीवर लिहायची परवानगी आहे का तुमच्याकडे? बघून घ्या जरा."

आत्या तरातरा जिना उतरली. दुकानी आली, ओल्या फडक्यानं फळा स्वच्छ पुसला आणि लिहिलं, 'आजची हवा: आकडा आहे. सांगायला मनाई आहे. विचारायला मनाई नाही.' आणि खाली विभागाचा फोन नंबर.

तो फोन आईच्या टेबलावर होता.

पहिल्या दिवशी थोडे फोन आले, दुसऱ्या दिवशी जास्त, मग तर आईच्या नाकी नऊ आले. लॉन्ड्रीवाले काका चादरी घालण्याआधी विचारायचे. आजोबा विचारायचे, आणि ऐकू येत नसल्यामुळे दोनदा विचारायचे. पाळणाघरातून मोठ्या बाईंनी ते काम माझ्याकडे दिलं होतं. मुलांना मैदानात सोडण्याआधी मी रोज फोन लावायची.

"पर्यावरण विभाग."

"नमस्कार. आत्ता हवेचा आकडा काय आहे?"

"ही माहिती देता येत नाही."

"आकडा तुमच्यासमोर आहे का?"

"आहे. देता येत नाही."

"बरं. धन्यवाद."

सकाळीच जिनं माझी वेणी घट्ट ओढून दिलेली असायची तीच आई. दोघींच्याही आवाजात ओळखीचा लवलेश नसायचा. संध्याकाळी घरी आम्ही त्याबद्दल बोलायचो नाही. बोलायचे ते बाबा. ते लिफ्ट दुरुस्त करतात आणि त्यांचा सगळा जीव दोरावर लटकलेल्या वस्तू सुखरूप खाली आणण्यात आहे. एका रविवारी आत्या जेवायला आली होती, तेव्हा त्यांचा बांध फुटला.

"ताई, तुझ्या फळ्यापायी हिची नोकरी जाईल. तिथे बसून दिवसभर शिव्या ती खातेय, तू नाही."

"मी तिला आकडा विचारलाय का कधी?" आत्या म्हणाली.

"नाही विचारलास. पण आख्ख्या गावाला विचारायला लावलंस!"

आत्याचा घास हातातच राहिला. आईनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "शिव्या कुणी देत नाही हो. सगळे धन्यवाद म्हणतात. तेच ऐकवत नाही."

त्यानंतर काही दिवसांनी नगरपालिकेची दोन माणसं चुन्याची बादली घेऊन आत्याच्या भिंतीपाशी आली. तिनं त्यांना अडवलं नाही. खुर्ची टाकून समोर बसली आणि त्यांच्या हातातल्या कुंच्याकडे बघून म्हणाली, "उभा फिरवा. आडवा फिरवलात तर काळा वर येईल. काम सरकारी असलं तरी भिंत माझी आहे." ते बिचारे ओशाळले. त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला, भिंत पांढरी केली आणि निघून गेले.

त्याच दुपारी लॉन्ड्रीवाले काका आले. "बाई, मला एक पाटी हवी. माझ्या दुकानाच्या आत लावायची. आतमध्ये तर परवानगी लागत नाही ना?" मग सलूनवाले आले. मग औषधांच्या दुकानातली मुलगी. आत्यानं लाकडाच्या उरलेल्या फळ्या कापल्या आणि त्या सगळ्यांवर एकच मजकूर रंगवला: आकडा आहे, सांगायला मनाई आहे. एका भिंतीवरचं वाक्य पुसायला आले होते, ते आता बाजारभर झालं. मोठ्या बाईंनी आमची पाटी थेट पाळणाघराच्या फाटकावर ठोकली. "आता या म्हणावं चुना घेऊन," असं म्हणून त्यांनी हातोडी मला परत दिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक सकाळ फार सुंदर उजाडली. आकाश निळंशार, वारा अगदी मंद. कुणाच्याही नाकाला काही जाणवत नव्हतं. मुलं बूट घालून दाराशी रांगेत उभी होती आणि एकमेकांना ढकलत होती. मी सवयीनं फोन लावला. उत्तर काय येणार ते पाठ होतं.

"पर्यावरण विभाग."

"नमस्कार. आत्ता हवेचा आकडा काय आहे?"

फोन कट झाला की काय असं मला वाटलं. मग आईचा श्वास ऐकू आला.

"तीनशे बारा," ती म्हणाली. "आणि चढतोय. मुलांना आत घ्या. खिडक्या लावा. आत्ता."

"आई?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मुलं आत घेतलीत का?"

"घेते."

"आणि कुणी विचारलं की आकडा कुणी दिला, तर माझं नाव सांगायचं. विभागाचं नाही. माझं." तिनं फोन ठेवला.

आम्ही मुलांना आत ओढलं. कुणी रडलं, कुणी बूट काढायला तयार होईना. मोठ्या बाई खिडक्या लावत होत्या आणि मी दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबत होते.

तिकडे ऑफिसात काय झालं ते मला आईच्या शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट मावशींनी नंतर सांगितलं. सकाळपासून आकडा चढत होता. आई दोनदा केबिनमध्ये जाऊन आली. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलं असेल, भट्टीवर माणूस पाठवलाय, तो येईपर्यंत कुणाला काही बोलू नका. आई जागेवर येऊन बसली. मग माझा फोन आला. माझ्यानंतर लॉन्ड्रीवाल्या काकांचा. तिनं त्यांनाही सांगितलं. मग आजोबांचा, आणि त्यांना ऐकू येईना म्हणून ती उभी राहून इतक्या मोठ्यानं ओरडली की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. "तीनशे चाळीस! घराबाहेर पडू नका!" साहेब केबिनच्या दारात आले.

"काय चाललंय हे?"

"फोन घेतेय, साहेब. तेच काम आहे ना माझं?"

"तुम्हाला आदेश माहीत आहे."

"आदेशही माहीत आहे आणि आकडाही," आई म्हणाली. "दोन्ही एका माणसाच्या पोटात राहत नाहीत. फोन वाजतोय, जरा बाजूला होता?" आणि तिनं पुढचा फोन उचलला.

भट्टीच्या धुराड्यातली राख अडवणारी गाळणी फाटली होती आणि तरीही जाळणं चालू ठेवलं होतं. दुपारी भट्टी बंद केली, संध्याकाळपर्यंत आकडा उतरला. ज्यांनी फोन केला होता ते घरात बसून राहिले, आणि त्यांनी शेजाऱ्यांनाही बसवलं. पण कालव्याजवळच्या शाळेनं कधी फोन केला नव्हता. त्यांच्याकडे त्या दिवशी धावण्याच्या शर्यती होत्या. मुलं खोकत खोकत खाली बसली आणि त्यांना गाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. पुढे सगळी बरी झाली. एका मुलीला मात्र बरेच दिवस श्वासाचा पंप घ्यावा लागला.

आईला संध्याकाळीच निलंबनाचं पत्र मिळालं. ती घरी आली, चपला काढल्या आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली. आत्या धावत आली ती दारातच थांबली. बाबांकडे बघायची तिला हिंमत होत नव्हती. बाबा उठले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "आत ये. आज स्वयंपाक मी करतोय, तेव्हा काय ते आताच सोसून घ्या." मग आईकडे वळून हळूच म्हणाले, "घाबरलीस का गं?"

"फोन उचलताना घाबरले होते," आई म्हणाली. "बोलल्यावर नाही."

आत्या तिच्यापाशी जमिनीवर बसली. "वहिनी, मी तुम्हाला कधी..."

"तुम्ही काही मागितलं नाहीत. तेच तर. मागितलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं." आणि मग आई जी रडायला लागली ती भात करपल्याचा वास येईपर्यंत थांबली नाही.

चौकशी नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत झाली. ती बंद दाराआड घ्यावी असं साहेबांचं म्हणणं होतं. पण शर्यतीतल्या मुलांचे आईवडील दाराबाहेर उभे होते आणि दार लावायला कुणी पुढे येईना. सभागृह गच्च भरलं. लॉन्ड्रीवाले काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. आजोबा व्हीलचेअर नको म्हणून बाबांच्या खांद्यावर भार टाकून आलेले.

साहेब म्हणाले, आकड्याची तपासणी झालेली नव्हती. यंत्र चुकलं असतं तर शहरात घबराट माजली असती, त्याला जबाबदार कोण?

आईला बोलायला सांगितलं. ती चारचौघांत बोलणारी बाई नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"यंत्र चुकलं असतं तर मुलं थोडा वेळ आत बसली असती," ती म्हणाली. "रडली असती. यंत्र बरोबर होतं आणि मी गप्प बसले असते, तर काय झालं असतं ते कालव्याजवळच्या शाळेला विचारा. मी रोज शेकडो वेळा 'देता येत नाही' म्हणाले. माझ्या मुलीलाही म्हणाले. विचारणारं प्रत्येक माणूस शहाणं होतं. एकानंही मला आकडा समजावून सांगा असं म्हटलं नाही. त्यांना फक्त तो हवा होता. तो त्यांचाच होता. मला शिक्षा द्यायची ती द्या. पण मला परत त्या टेबलावर बसवलंत, तर मी पुन्हा सांगीन."

शर्यतीतल्या त्या मुलीचा बाप मागून उठला. तो एवढंच म्हणाला, "आम्हाला नंबर माहीत नव्हता हो. कुणाला विचारायचं तेच माहीत नव्हतं." आणि खाली बसला.

नगरसेवकांचं मतदान झालं. पान पुन्हा सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरलं, आकडा तपासलेला असो वा नसो, तसा शेरा मारून तासातासाला द्यायचा, आणि भट्टीच्या धुराड्यावर दुसरं यंत्र बसवायचं. हात मोजताना काही हात फार उशिरा वर आले, पण आले. भट्टी मात्र बंद झाली नाही. तिचा वाद अजून चालूच आहे, आणि आता तो वाद आकडे समोर ठेवून होतो. आधी होत नव्हता.

आईचं निलंबन मागे घेतलं. पण तिच्या फाइलीत ताकीद लागली आणि तिची बदली पाणीपुरवठा विभागात झाली, तळघरात, जिथे खिडकी नाही आणि फोनही नाही. ही शिक्षाच होती, सगळ्यांना कळत होतं. पेढा नाही, पत्र नाही, कुणी निरोपाचा शब्द बोललं नाही. टायपिस्ट मावशी तेवढ्या तिची खुर्ची उचलून खालपर्यंत पोचवायला गेल्या.

पहिल्या आठवड्यात आई घरी आली ती विचारात. जेवण झाल्यावर तिनं आत्याला फोन लावला.

"ताई, एक विचारायचं होतं. इथे खाली रोज प्रत्येक टाकीच्या पाण्याची तपासणी होते. चांगली होते, मन लावून करतात पोरी. आणि मग ते कागद कपाटात जातात. वेबसाइटवर काही नाही. कधीच नव्हतं."

पलीकडून आत्या काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आईच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"नाही, मी चोरून काही आणणार नाही," आई म्हणाली. "रीतसर अर्ज करू. मी आतून लेखी मागते, तुम्ही बाहेरून मागा. नाही म्हणाले तर लेखी नाही म्हणू देत." ती थोडी थांबली. "हो, माहितीये मला ताकीद आहे ते. यांनाही माहितीये."

बाबा भांडी विसळत होते. त्यांनी मागे न बघता नळ बारीक केला, म्हणजे तिला नीट ऐकू यावं.